दाराशी बसवलेला हेर : एका चित्रपटाच्या गल्ल्याचा हिशेब

चित्रपट 'चालला' किंवा चित्रपट 'पडला' हे शब्द आपण फार सहजपणे वापरतो. या शब्दांमागे एक गृहीत दडलेले असते. प्रेक्षक हा न्यायाधीश आहे, तिकीटखिडकी ही त्याची मतपेटी आहे आणि गल्ल्याचा आकडा हा त्याने दिलेला निकाल आहे, असे आपण मानून चालतो. निकाल लागला म्हणजे वाद संपला. परंतु मतपेटी मतदारापर्यंत पोचू द्यायची की नाही हे ज्याच्या हाती असते, त्याच्याविषयी आपण कधी प्रश्न विचारतो काय? विद्यार्थ्यांशी चित्रपटाविषयी बोलताना हा प्रश्न मला वारंवार पडत आला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी येथे एका अमेरिकन हेरपटाच्या कमाईची कथा सांगणार आहे. हा चित्रपट १९७३ साली प्रदर्शित झाला, काही आठवड्यांत पडद्यावरून नाहीसा झाला आणि रीतसर घरोघरी पोचायला त्याला २००४ साल उजाडावे लागले.

चित्रपटाचे नाव 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर'. या नावातच सगळे राजकारण भरलेले आहे. 'स्पूक' म्हणजे भूत. पण अमेरिकेतील गोऱ्यांच्या तोंडी ती काळ्या माणसाला दिलेली शिवी आहे आणि बोलीभाषेत त्याच शब्दाचा अर्थ गुप्तहेर असाही होतो. उरले 'दाराशी बसणे'. नागरी हक्कांच्या लढ्यानंतर अमेरिकेतील कचेऱ्यांना काळे कर्मचारी घेणे भाग पडू लागले, तेव्हा एखाददुसरा काळा माणूस घेऊन त्याला दाराजवळच्या मेजावर बसवण्याची रीत पडली. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर पडावी, आणि आम्ही भेदभाव करीत नाही याचा पुरावा आपोआप मिळावा, हा हेतू. आपल्याकडे शाळेत आपल्या पूर्वजांना दाराबाहेर बसवले, ते वर्गाला विटाळ होऊ नये म्हणून. तिकडे काळ्याला दाराशी बसवले, ते तो दिसावा म्हणून. हेतू उलटे असले तरी परिणाम एकच. आतल्या निर्णयांपासून माणूस दूरच राहतो.

ही कथा लिहिणारे सॅम ग्रीनली (१९३०–२०१४) हे शिकागोचे. अमेरिकन सरकारच्या परदेशस्थ माहिती खात्यात शिरलेल्या पहिल्या काही काळ्या अधिकाऱ्यांपैकी ते एक होते. इराक, पाकिस्तान, इंडोनेशिया, ग्रीस अशा देशांत त्यांनी नोकरी केली. १९५८ साली बगदादमध्ये क्रांती झाली तेव्हा ते तेथेच होते. साम्राज्याच्या कचेरीत बसून साम्राज्याविरुद्ध उठणारी माणसे त्यांनी जवळून पाहिली, आणि दाराशी बसवलेल्याचे दुःखही स्वतः भोगले. नोकरी सोडून त्यांनी कादंबरी लिहिली. अमेरिकेतील एकामागून एक प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर १९६९ साली लंडनमध्ये 'ॲलिसन अँड बझ्बी' या तरुण प्रकाशनसंस्थेने ती छापली. या संस्थेच्या संस्थापकांपैकी मार्गारेट बझ्बी या घानात जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्री. म्हणजे या कथेला पहिले दार उघडले तेही आपल्यातल्याच माणसाने, आणि तेही समुद्रापलीकडे.

कथानक थोडक्यात असे. एका गोऱ्या सिनेटरला निवडणुकीत काळ्यांची मते हवी असतात, म्हणून सीआयएत काळा अधिकारी का नाही असा प्रश्न तो उपस्थित करतो. सीआयए नाइलाजाने काही काळ्या उमेदवारांना प्रशिक्षणासाठी घेते, पण ते सारे नापास व्हावेत हीच तिची इच्छा असते. एकच टिकतो, त्याचे नाव डॅन फ्रीमन. नावाचाच अर्थ मुक्त माणूस. पण हेरगिरीचे सर्व शिक्षण घेतलेल्या या माणसाला काम मिळते ते तळघरात कागदपत्रांच्या प्रती काढण्याच्या विभागाचे. पाहुणे आले की त्याला वर बोलावून दाखवायचे, पाहुणे गेले की पुन्हा तळघर. पाच वर्षे तो हसतमुखाने नोकरी करतो, राजीनामा देतो, शिकागोला परततो. वरवर समाजकार्य करीत असताना तेथील टोळीतल्या पोरांना तो सीआयएने शिकवलेली सारी विद्या शिकवतो आणि गनिमी लढ्यासाठी उभे करतो. चित्रपटात एक विचार वारंवार येतो. हातात झाडू असलेल्या माणसाकडे कोणी पाहत नाही, तो कोठेही शिरू शकतो. ज्यांच्या घराण्यांच्या हाती पिढ्यानपिढ्या झाडू दिला गेला, त्यांना या विचाराची धार समजावून सांगावी लागणार नाही.

आता पैशाकडे वळू, कारण हा लेख त्याविषयी आहे. दिग्दर्शक आयव्हन डिक्सन (१९३१–२००८) हे नामवंत नट होते. 'नथिंग बट अ मॅन' (१९६४) मधील त्यांची भूमिका आजही वाखाणली जाते. त्यांनी आणि ग्रीनली यांनी मिळून निर्मिती केली आणि भांडवलाचा पहिला भाग प्रामुख्याने काळ्या समाजातील व्यक्तींकडून जमवला. शिकागोच्या महापौरांकडून सहकार्य मिळण्याची आशा नव्हती, म्हणून बहुतेक चित्रीकरण शेजारच्या इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादाच्या गावी झाले. तेथे १९६७ साली रिचर्ड हॅचर हे काळे महापौर निवडून आले होते आणि त्यांनी शहराची यंत्रणा मदतीला दिली. खुद्द शिकागोतील काही दृश्ये परवानगीविना, चोरूनच टिपावी लागली. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. राजकीय सत्तेचा एक लहानसा तुकडा हाती असला तरी कलेला केवढा आधार मिळतो!

तरीही पैसे संपले. वितरणासाठी आणि अखेरच्या खर्चासाठी मोठ्या कंपनीकडे जाणे भाग पडले. ती कंपनी युनायटेड आर्टिस्ट्स. तो काळ 'शाफ्ट' (१९७१), 'सुपर फ्लाय' (१९७२) अशा काळ्या नायकांच्या मारधाडपटांचा होता आणि त्यात बक्कळ पैसा आहे हे हॉलिवूडला उमगले होते. निर्मात्यांनी कंपनीला निवडक हाणामारीची दृश्ये दाखवली. कंपनीला वाटले, आणखी एक तसाच चित्रपट. तिने पैसे दिले. पुरा चित्रपट पाहिल्यावर तिला आपण कशात हात घातला आहे हे कळले. फ्रीमनने सीआयएला जसे हसत फसवले, तसेच त्याच्या निर्मात्यांनी हॉलिवूडला फसवले असे म्हणणे सयुक्तिक ठरेल. सप्टेंबर १९७३ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि काही आठवड्यांतच चित्रपटगृहांतून काढून घेण्यात आला.

येथे गल्ल्याचे गणित समजून घेतले पाहिजे. प्रेक्षक तिकिटावर जो पैसा खर्च करतो तो सारा चित्रपटाचा नसतो. त्यातला एक हिस्सा थिएटरमालक ठेवतो, उरलेला वितरकाकडे जातो. सामान्यतः पहिल्या आठवड्यांत वितरकाचा हिस्सा मोठा असतो, पुढे थिएटरचा वाढत जातो. वितरक आपल्या वाट्यातून आधी स्वतःचे शुल्क कापतो. अमेरिकेत ते सुमारे ३० टक्के असण्याचा प्रघात होता. मग प्रिंटचा आणि जाहिरातीचा खर्च वजा होतो. शिल्लक राहिलीच तर निर्मात्याचा आणि ज्यांनी पैसे गुंतवले त्यांचा नंबर लागतो. म्हणजे रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो तो ज्याने चित्रपट घडवला तो. शेतमजुराला हे गणित नवे वाटणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची. १९४८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना आपली चित्रपटगृहे विकावी लागली. परंतु प्रिंट त्यांच्याच ताब्यात राहिल्या. कोणत्या गावी, कोणत्या चित्रपटगृहात, किती आठवडे रिळे जायची हे वितरक ठरवीत राहिला. १९७५ साली 'जॉज' एकदम ४०९ चित्रपटगृहांत लावला गेला आणि एकाच वेळी सर्वत्र झळकण्याची चाल रूढ होत गेली. त्यापूर्वीची सर्वसाधारण रीत अशी की थोड्या प्रिंट शहरामागून शहर फिरत आणि चित्रपटाची कीर्ती तोंडातोंडी पसरत जाई. अशा रीतीत लहान, स्वतंत्र चित्रपटाला पैशापेक्षा आठवड्यांची गरज असते.

याचा ढळढळीत पुरावा दोनच वर्षांपूर्वीचा आहे. मेल्विन व्हॅन पीबल्स यांचा 'स्वीट स्वीटबॅक्स बॅडॅस साँग' १९७१ साली आला तेव्हा तो लावायला सुरुवातीस देशातली अवघी दोन चित्रपटगृहे तयार झाली, एक डेट्रॉइटचे आणि एक अटलांटाचे. खर्च सुमारे दीड लाख डॉलर. काळ्या प्रेक्षकांनी रांगा लावल्या, चित्रपट पसरत गेला आणि गल्ला सुमारे दीड कोटी डॉलरवर पोचला. दोन चित्रपटगृहांपासून तेथवर जाता आले, कारण त्याला जाऊ दिले गेले. 'स्पूक'च्या वाट्याला तो अवधीच आला नाही. तेव्हा त्याचा जो काही आकडा असेल तो प्रेक्षकांचा निकाल म्हणता येत नाही. तो मध्येच थांबवलेल्या मोजणीचा आकडा आहे.

दुसरी तुलना अधिक बोलकी आहे. त्याच १९७३ साली, त्याच युनायटेड आर्टिस्ट्सने दुसराही एक हेरपट बाजारात आणला होता, जेम्स बाँडचा 'लिव्ह अँड लेट डाय'. त्यात गोरा हेर हार्लेमच्या काळ्या वस्तीत आणि कॅरिबियन बेटावर जातो आणि काळ्या खलनायकाचा नायनाट करतो. खर्च सुमारे ७० लाख डॉलर, जगभरचा गल्ला १० कोटी डॉलरच्या वर. २० जानेवारी १९८० रोजी तो ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर दाखवला गेला तेव्हा सुमारे २ कोटी ३५ लाख लोकांनी तो घरी बसून पाहिला. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, डीव्हीडी आली, प्रत्येक नव्या यंत्राबरोबर बाँड नव्या वेष्टनात पुन्हा विकला गेला. दोन्ही चित्रपटांच्या भांडवलात जमीनअस्मानाचे अंतर होते हे मान्य केलेच पाहिजे. तरीही एकच कंपनी, एकच वर्ष, हेरगिरीचा एकच विषय आणि दोन हेरांची दोन नशिबे! काळ्यांना मारणारा हेर घरोघरी पोचला. काळ्यांना जागवणारा हेर गुदामातही उरला नाही.

चित्रपट का काढला गेला? ग्रीनली आणि डिक्सन अखेरपर्यंत सांगत राहिले की एफबीआयने दबाव आणला. हा त्यांचा आरोप आहे आणि तो आरोप म्हणूनच मी येथे नोंदवतो. मात्र त्यामागचा काळ नीट पाहावा. ४ डिसेंबर १९६९ रोजी शिकागोत ब्लॅक पँथरचा तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या छाप्यात मारला गेला होता. काळ्यांच्या संघटना पोखरण्याची एफबीआयची गुप्त मोहीम १९७१ साली बाहेर पडलेल्या कागदपत्रांतून उघड झाली, आणि १९७५-७६ साली सिनेटच्या समितीने तिची चौकशी केली. अशा दिवसांत शिकागोच्या काळ्या तरुणांच्या गनिमी उठावाचा चित्रपट सत्तेला नुसती करमणूक वाटला असेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. आणि कंपनीला स्वतःच भीती वाटली असेल तरी निष्कर्ष बदलत नाही. व्यवस्थेला प्रत्येक वेळी बंदीचा हुकूम काढावा लागत नाही, पुष्कळदा रिळे परत मागवणे पुरेसे असते.

प्रिंट नाहीशा झाल्या. चित्रपट वाचला तो एका साध्या खबरदारीमुळे. मूळ निगेटिव्ह दुसऱ्याच नावाखाली एका तिजोरीघरात ठेवून दिलेले होते. दरम्यान बाहेर तंत्र बदलत होते. १९७५ साली सोनीचे बीटामॅक्स आले, १९७६ साली जेव्हीसीचे व्हीएचएस. हॉलिवूडच्या कंपन्या घरातल्या ध्वनिचित्रमुद्रणाविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी हरल्या. प्रत काढणे ही तोवर कारखान्याची मिरास होती, ती आता सामान्य माणसाच्या घरात आली. 'स्पूक'च्या अंधुक, चोरट्या कॅसेटी हातोहात फिरू लागल्या. कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र आणखी पुसट होई. तरी ती पाहिली जाई, पुढे दिली जाई. ज्या नायकाला प्रती काढण्याच्या तळघरात डांबले होते, त्याची कथा प्रती काढणाऱ्यांनीच जिवंत ठेवली.

पुढे नट टिम रीड यांच्या पुढाकाराने मूळ निगेटिव्हवरून २००४ साली डीव्हीडी निघाली. मीही हा चित्रपट प्रथम त्या डीव्हीडीवरच पाहिला. २०११ साली या चित्रपटाच्या उदयास्तावर एक माहितीपट तयार झाला. आणि २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय सूचीत त्याचा समावेश केला. ३९ वर्षांपूर्वी ज्याला पडद्यावर राहू दिले नाही, त्याला राष्ट्राचा ठेवा ठरवण्यात आले. प्रस्थापितांची ही जुनी सवय आहे. जिवंतपणी नाकारायचे आणि धार बोथट झाली असे वाटले की संग्रहालयात ठेवायचे.

पण घरगुती व्हिडिओचे गुणगान करताना हिशेबाची दुसरी बाजू झाकता कामा नये. चोरट्या कॅसेटीतून चित्रपट लोकांपर्यंत पोचला, पैसा मात्र निर्मात्यांपर्यंत पोचला नाही. ज्या काळ्या माणसांनी विश्वासाने भांडवल दिले, त्यांच्या दृष्टीने तीस वर्षांनी आलेली डीव्हीडी म्हणजे फार उशिरा आलेला न्याय. डिक्सन यांची पुढील वर्षे प्रामुख्याने दूरचित्रवाणीच्या मालिका दिग्दर्शित करण्यात गेली. चित्रपट वाचणे आणि चित्रपट घडवणारी माणसे वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असा एक चित्रपट बुडाला की पुढच्या दहा जणांना 'असले विषय चालत नाहीत' हे उत्तर तयार मिळते. खोटा आकडा असा पुढच्या पिढीच्या मार्गात धोंड होऊन बसतो.

या कथेचे आपल्याशी नाते काय? १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितले. त्याआधीपासून डॉ. म. ना. वानखेडे यांनी मराठी दलित लेखकांचे लक्ष काळ्यांच्या साहित्याकडे वेधले होते. म्हणजे ज्या वर्षी 'स्पूक' पडद्यावरून काढला गेला, त्याच वर्षी आपण त्या समाजाशी बोलू पाहत होतो. पुस्तके आपल्यापर्यंत आली, कारण पुस्तक एका माणसाच्या पिशवीतून येऊ शकते. चित्रपट तसा येत नव्हता. त्याला रिळे लागत, यंत्र लागे, वितरक लागे, परवाना लागे. साहित्याची देवाणघेवाण झाली आणि चित्रपटाची झाली नाही, याचे कारण आपल्या आवडीनिवडीत नाही, वस्तूच्या वजनात आणि मालकीत आहे.

चित्रपट निर्दोष आहे असे मला सुचवायचे नाही. त्यातल्या स्त्रिया फ्रीमनच्या वाटेवरच्या निमित्तमात्र आहेत. एक सुखवस्तू होऊन विश्वासघात करते, दुसरी वेश्याव्यवसायातून येऊन मदत करते, पण निर्णयाच्या जागी दोघींपैकी एकही नाही. शस्त्राच्या मार्गाविषयी तर बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्याला वेगळा विचार करावाच लागेल. बुद्ध आणि संविधान यांचा मार्ग आपण जाणीवपूर्वक निवडलेला आहे. परंतु या मतभेदांची चर्चा करायची तर चित्रपट आधी पाहायला मिळाला पाहिजे. चर्चेचा अधिकारच काढून घेणे हा त्याच्या दोषांवरचा उपाय नव्हे.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की, एखादी परिवर्तनवादी कलाकृती 'पडली' असे ऐकले की चार प्रश्न विचारावेत. ती किती ठिकाणी लागली? किती आठवडे राहिली? जाहिरातीवर किती खर्च झाला? आणि मूळ प्रत आज कोणाच्या ताब्यात आहे? यातला चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि आज तो अधिकच निकडीचा झाला आहे. आता चित्रपट इंटरनेटवरून थेट भ्रमणध्वनीवर येतो. पाहणे सोपे झाले, पण घरात प्रत उरत नाही. कंपनीने काढून घेतला की तो एका क्षणात सर्व घरांतून नाहीसा होतो. १९७३ साली त्यासाठी गावोगावची रिळे परत मागवावी लागली होती, आज तेवढेही कष्ट नाहीत.

आपल्याकडे जलशांच्या ध्वनिफिती आहेत, मोर्चांची छायाचित्रे आहेत, सभांच्या जुन्या कॅसेटी आहेत. त्यांतल्या कित्येक कपाटाच्या तळाशी बुरशी खात पडल्या असतील. त्या आजच बाहेर काढाव्यात, प्रत्येकीवर तारीख आणि गाव लिहावे, प्रती काढून निदान तीन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि मूळ प्रत कोणा संस्थेला द्यायची वेळ आली तर मालकी कोणाची हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय देऊ नये.